हवेतल्या गाडीचं माप

प्रिय खिळ्या,

सर्वप्रथम, जड अंतःकरणाने आणि त्याहून जड झालेल्या कंबरेने, तुझ्या गॅरेजातल्या लाकडी स्टुलाविरुद्ध माझी तक्रार नोंदवून घे. हे स्टूल जन्माने चतुष्पाद असलं तरी वृत्तीने त्रिपाद आहे. चौथा पाय जमिनीला टेकवायचा की नाही हे ते दर वेळी नव्याने ठरवतं, आणि आपला निर्णय नेमका मी चहाचा कप तोंडाला लावल्यावर जाहीर करतं. तू तीस वर्षं त्याच्यावर बसलास आणि एकदाही कलंडला नाहीस. म्हणजे एक तर तुला कसली तरी आसनसिद्धी आहे, नाही तर त्या आखूड पायाखाली कसली घडी घालायची हे गुपित पोटात ठेवून तू लेकीकडे निघून गेलास. मी पुठ्ठा घालून पाहिला, जुन्या गॅस्केटचा तुकडा घातला, परवा तर सहावीच्या व्याकरणाच्या चाचणीचा उरलेला पेपर चौघडी करून घातला. व्याकरणाने आजवर मलाच धड आधार दिलेला नाही, तर स्टुलाला कुठून देणार!

तू म्हणशील, तुला तिथे बसायला सांगितलं कुणी? कुणी नाही. चार महिन्यांपूर्वी तुझ्या उजव्या हाताने अचानक संप पुकारला, तुझी लेक येऊन तुम्हा दोघांना घेऊन गेली, आणि निघताना वहिनींनी गॅरेजची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, “भाऊजी, आठवड्यातून एकदा दार उघडून वारा तेवढा खेळवा, नाही तर उंदीर संसार मांडतील.” वारा खेळवणे एवढीच माझी नेमणूक. पण रविवारी सकाळी दार उघडावं तर समोर आपली गाडी, बॉनेट उघडं टाकून, दंतवैद्यापुढे बसलेल्या माणसासारखी. तिच्यापुढे नुसतं उभं राहून वारा खेळवायचा म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणून बाह्या सरसावल्या. (बाह्या आता कायमच्या काळ्या झाल्या आहेत. आमची ही म्हणते, “शाळेत शिकवता की कोळशाच्या वखारीत?”)

तू हसशील, पण मला आपल्या पाचवीच्या वर्गाची फार आठवण येते. तुझ्या खिशात कायम खिळे, स्क्रू, तारा. बाकावरून उठलास की पाठीमागे खळ्ळकन आवाज. वर्गाने तुला खिळ्या केलं आणि तू सूड म्हणून मला विसर्ग केलंस, कारण ‘देवः’ म्हणताना मी म्हणे पंक्चर झाल्यासारखा उसासा टाकायचो. मी तुझ्या वहीत शब्द चालवून द्यायचो, तू माझी सायकल चालती करून द्यायचास. हा करार चाळीस वर्षं टिकला. फरक इतकाच, की माझे शब्द पुढे कुणाच्या उपयोगी पडले नाहीत, आणि तुझ्या हाताखालून गेलेल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाकडे स्वतःची गाडी नाही, हे मला बोचायचं. म्हणून चार वर्षांपूर्वी त्या निवृत्त दंतवैद्याची बंद गाडी आपण दोघांनी मिळून घेतली, तिचं जाम झालेलं इंजिन तू एका दुपारी बाहेर काढलंस, आणि भंगारात निघालेल्या व्हॅनचं इंजिन शोधून आणलंस. तू म्हणालास, “हृदय दुसऱ्याचं, पण चालेल.” मी म्हणालो, “चालेल की धावेल?” तू म्हणालास, “तू गप्प बस आणि टॉर्च धर.”

माझी या क्षेत्रातली पदवी ती एवढीच: टॉर्चधर. त्यातही माझी प्रगती तुला माहीत आहे. मागच्या वर्षी मी एक बोल्ट खाली वायसरची चकती न घालताच आवळला, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी जे बोललास ते न बोलतास तर बरं होतं, असं शेजारच्या वेल्डरचंही मत पडलं.

असो. आता धडा म्हणून दाखवतो. चुकलो तर कान धर. इंजिनाच्या बुडाशी तेल साठवणारं जे पत्र्याचं भांडं असतं त्याला तुम्ही लोक चेंबर म्हणता. परकं इंजिन वरून कितीही डौलात उतरलं तरी बुडाशी चेंबर अडला, की ते बसलं असं म्हणत नाहीत. चेंबर अ‍ॅक्सलला घासता कामा नये, रस्त्यावर आपटता कामा नये, आणि या दोन्ही मर्यादा पाळून त्यात तेल पुरेसं मावलं पाहिजे. त्यातही नुसतं मावून भागत नाही. गाडी वळणावर कलली की तेल एका अंगाला धावतं, तेव्हासुद्धा तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड तेलात बुडालेलं हवं. भांड्यात तेल आहे आणि नळी मात्र हवा ओढते आहे, अशाने इंजिन मरतं; पोटात अन्न असून उपासमार, असं तू म्हणाला होतास. आपल्या व्हॅनवाल्या चेंबरचं पोट पुढे सुटलेलं, अगदी माझ्यासारखं, आणि नेमकं तिथेच आपल्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल आडवा. “हा गर्भार चेंबर इथे नांदायचा नाही, दुसरा बघतो,” असं तू बुधवारी म्हणालास. गुरुवारी तू दवाखान्यात होतास.

मग तो दुसरा मी बघितला. हेच इंजिन एका मालवाहू गाडीतही येतं आणि तिचा चेंबर उथळ नि रुंद असतो, हे भंगारवाल्याकडून कळलं. मी माप घेतलं. कसं घेतलं म्हणून सांगू! इंजिन चेनपुलीने फाउंडेशनवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, अलगद टेकवलं, खाली उताणा झोपलो, पट्टी लावली, तीन ठिकाणी मोजलं, प्रत्येक ठिकाणी तीनदा, आणि नऊ आकडे वहीत लिहून त्यांची सरासरी काढली. अ‍ॅक्सल आणि इंजिनाचं बूड यांच्यात एवढं अंतर निघालं, की उथळ चेंबर बसवून वर चार बोटं जागा उरावी. मी इतका खूश झालो, की त्या दिवशी तुझं स्टूलसुद्धा हललं नाही. चेंबर आणला, त्याची नळी बदलली, नवीन गॅस्केट घातली, आणि हो, प्रत्येक बोल्टला वायसर घातला. मग कौतुक करून घ्यायला वेल्डरला बोलावलं.

तो आला, वाकला, बघितलं, डोकं खाजवलं. म्हणाला, “गुरुजी, काम झकास. पण गाडी काय हवेत चालवणार आहात?”

मला कळेना. त्याने बोट दाखवलं. गाडी घोड्यांवर, त्या लोखंडी तिवयांवर, उभी होती, खिळ्या. तूच चढवून गेला होतास. चारही चाकं अधांतरी लोंबत होती, आणि पुढचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना धरून खाली लटकलेला होता. मी नऊ वेळा काटेकोर मोजलं ते सगळं त्या लटकत्या अ‍ॅक्सलपासून. मग आम्ही दोघांनी जॅक लावून घोड्या काढल्या आणि गाडी हळूहळू खाली सोडली. चाकं टेकली. इंजिनाचा भार पाट्यांवर आला, पाटे दबले, अ‍ॅक्सल वर वर येत गेला आणि माझ्या त्या नव्याकोऱ्या चेंबरच्या डाव्या कोपऱ्याला असा काही ‘ठण्ण’ भिडला, की भिंतीवरचं तुझं कॅलेंडर हललं. मी जन्मभर मुलांना शिकवलं, की अनुमान कितीही देखणं असलं तरी ते प्रत्यक्षापुढे टिकत नाही. ते मला सोदाहरण शिकवायला एक वेल्डर लागला. त्याने वर चहाही माझ्याकडूनच घेतला.

मग आम्ही शहाण्यासारखं मोजलं. पुन्हा गाडी चढवली, उथळ चेंबर काढून ठेवला, आणि तू लेकीच्या जुन्या गाडीसाठी (इंजिन तिचंही हेच) आणून माळ्यावर टाकलेला, मागे खोल असलेला चेंबर तात्पुरता लावला. चित्रकलेच्या बाईंकडून मुलांची रंगीत माती मागून आणली. (“तुम्हाला? कशाला?” “गाडीच्या पोटाचं माप घ्यायला,” मी म्हणालो. त्यांनी जास्तीचा एक गोळा दिला.) ती अ‍ॅक्सलवर तीन ठिकाणी थापली, गाडी चाकांवर सोडली, वेल्डर आणि त्याचा मेहुणा असे दोन भक्कम गृहस्थ पुढच्या मडगार्डवर बसवून तिला दाबली, आणि पुन्हा उचलली. माती चेपली ती चेपलीच. तिला खोटं बोलता येत नाही. मग उथळ चेंबर बसवून तोच प्रकार.

तेव्हा आता पेच असा. मागे खोल असलेला चेंबर अ‍ॅक्सलपासून खुशाल दूर राहतो, तेलही भरपूर घेतो, पण तो अ‍ॅक्सलच्या दोन बोटं खाली लोंबतो, आणि तुझ्या गॅरेजसमोरचा तो गतिरोधक माहीत आहे ना, ज्याने निम्मं गिऱ्हाईक तुला मिळवून दिलं? उथळ चेंबर रस्त्याला भीत नाही, पण त्याचा डावा कोपरा कापून आत घ्यावा लागेल. वेल्डरचे हात त्यासाठी शिवशिवताहेत. पण कोपरा कापला की तेल कमी मावणार, आणि डाव्या वळणावर नळी कोरडी पडेल का, हे ना त्याला सांगता येत, ना मला. आत आडवे पत्रे घालून तेल अडवता येतं म्हणतात. किती उंचीचे? कुठे? या विषयात माझ्यापाशी आप्तवाक्य एकच, आणि ते तुझं.

सोबत बिस्किटांचा डबा पाठवतो आहे. त्यात बिस्किटं नाहीत. ती मी खाल्ली. मातीचे सहा चेपलेले तुकडे आहेत. लाल ते उथळ चेंबरचे, हिरवे ते खोलाचे, आणि डावं, मधलं, उजवं असं काडीने कोरलेलं आहे. तुझा व्हर्नियरही कापडात गुंडाळून ठेवला आहे. प्रत्येक तुकडा सर्वांत पातळ जागी मोज आणि आकडे कागदावर लिहून पाठव. उजव्या हाताने. अंगठ्याने ते चाक सरकवायला वेळ लागेल, लागू दे. आकडे वाकडेतिकडे आले तरी मला वाचता येतील. पाचवीपासून तुझंच अक्षर वाचतो आहे. वहिनींनी सांगितलं, की व्यायामाच्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू खिडकीत धूळ खात पडला आहे. वहिनींवर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. चेंडू दाबायला तुला कंटाळा येतो हे मी समजू शकतो. त्या चेंडूने कुणाचं इंजिन बसत नाही.

आता खरं सांगतो. व्हर्नियर मला वाचता येतो, तूच शिकवलास. मातीचे तुकडे मी मोजलेत, आकडे वहीत आहेत, लाल डावा सगळ्यात पातळ निघाला आहे, आणि वेल्डर उद्याही काम सुरू करेल. चेंबर कुठलातरी बसेलच. गेल्या रविवारी, ते ‘ठण्ण’ झाल्यावर, तुला फोन केला होता तो आठवतो? गाडी हवेत ठेवून माप घेतलं, असं सांगताना मी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, चाळीस वर्षांच्या सवयीने. आणि तू म्हणालास, “असू दे रे. तुला हवा तो बसव. काय फरक पडतो.” दर रविवारी मी विचारतो आणि दर रविवारी तू ‘बरा’ असतोस. गाडीही घोड्यांवर होती तोवर ‘बरी’च होती. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या बाईंकडे माती मागायला गेलो. हाताची मला तेवढी काळजी नाही; हात हळूहळू येईल, नाही तर डाव्याने टॉर्च धरशील आणि पान्हा मी फिरवीन, शिव्या दे हव्या तेवढ्या. पण एका वायसरसाठी दोन दिवस अबोला धरणारा माणूस ‘काय फरक पडतो’ म्हणाला, त्याची मला भीती वाटते, खिळ्या. फार भीती वाटते. मला शिव्या घालणारं पत्र पाठव.

तुझाच,
विसर्ग