पिन कधी मोडली

३ जून
आज तुरुंगात नव्या अशिलाला, या चिरंजीवांना भेटून आले. गोदामाचं कुलूप फोडताना कमरेला पिस्तूल, आणि पळता पळता पकडले गेले! म्हणतो, "मॅडम, मी ते कुणावर काढलंसुद्धा नाही." अरे बाबा, काढायची गरजच नाही! चोरी करताना हत्यार नुसतं अंगावर असलं तरी चोरीच्या शिक्षेवर आणखी सात वर्षं, आणि त्यात न्यायाधीशही सूट देऊ शकत नाहीत. नाना परींनी समजावलं. सगळं ऐकून पुन्हा, "पण मी काढलं नाही ना." पालथ्या घड्यावर पाणी.

५ जून
एक वाट आहे. पिस्तूल चालणारं नसेल तर ही सात वर्षं लागत नाहीत. हे बिघडलेलंच होतं – चिरंजीवांच्या वडिलांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान, तिथल्या फळीवरून यांनी उचललेलं. गोळी उडवणारी आतली पिन मोडलेली. पण पळताना महाशयांनी ते गच्चीवरून खाली फेकलं. आता पिन आधीच मोडली होती की पडल्यावर, हे तपासणाऱ्यांना सांगता येत नाही. म्हणजे सगळी भिस्त वडिलांच्या साक्षीवर.

९ जून
वडील आले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. सोबत सून, चिरंजीवांची बायको. मिस्त्रींना म्हटलं, जे खरं तेच सांगा, पिन बसवायची राहिली होती. "एवढंच ना?" म्हणाले. एवढंच! सुनेला धीर दिला, लवकर सोडवते म्हटलं. तिनं फक्त विचारलं, "लवकर म्हणजे कधी?"

१७ जून
साक्ष पुढे ढकलली. सरकारी वकिलांची दाढ दुखतेय. आणि माझं डोकं.

२३ जून
घात झाला! सरकारी वकिलांनी सहज खडा टाकला, "म्हणजे इतके दिवस दुकानात पडून होतं आणि तुम्हाला जमलं नाही?" झालं. मिस्त्री ताठ झाले. "मला जमलं नाही असं पिस्तूल अजून यायचंय. आदल्या दिवशीच नवी पिन बसवली होती. चालवूनही बघितलं."

मी खाली बसले. चिरंजीव तिकडून "बाबा, बाबा" करतायत. काय म्हणावं या माणसाला? कारागिरीचं नाक वर राहावं म्हणून पोटच्या पोराची सात वर्षं घालवली! इतका संताप आला की फाइल टेबलावर आपटली.

घरी नवरा म्हणतो, "कारागीर माणूस गं, दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्या वकिलांनी. तुला भाजी खारट झालीय म्हटलं तर तू काय करतेस?" त्याच्याशीही बोलणं बंद.

२४ जून
सकाळी ऑफिस उघडते तर दारात मिस्त्री. "आता आणखी काय राहिलंय?" म्हणाले मी. चांगलीच खेकसले त्यांच्यावर.

"पिन बसवली नव्हती, वकीलबाई. कोर्टात खोटं बोललो."

"मग का?"

"तो ते पिस्तूल फळीवरून काढून तिच्यावर रोखायचा. माझ्या सुनेवर. पिन मोडलीय हे त्याला ठाऊक होतं, तिला नव्हतं. सात वर्षांत ती कुठंतरी लांब जाऊन मार्गी लागेल."

मी उठून पाणी दिलं, ते प्यायले आणि गेले.

निकाल सोमवारी. माझा अशील तो आहे, ती नाही. मिस्त्रींची साक्ष पुन्हा घ्यावी म्हणून अर्ज लिहायला घेतला. निम्मा झालाय.