फिरवलेलं ताट

इलोइलो,
५ फेब्रुवारी

प्रिय इंदाय जेमा,

तू आणि मुली खुशाल असाल. इथे मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. परवा हारोच्या जत्रेत मेणबत्त्या लावून आले, एक तुझ्या नावाची. ती वाऱ्याने सारखी विझत होती, शेवटी मीच हाताचा आडोसा करून उभी राहिले. तिकडे देवळात जातेस की नाही, विचारणार नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "हो का, बरं बरं" म्हणत असतेस आणि मागे नळ वाहत असतो. पत्र वाचायला निदान खाली तरी बसावं लागतं.

तर बातमी अशी, की आपली इमारत जपायचं नगरपालिकेने ठरवलंय. नदीजवळच्या जुन्या दुकानांच्या सगळ्या रांगेला परांच्या बांधल्यात. धूळ तर इतकी की भातात दाताखाली कचकचते. आपल्या दर्शनी भिंतीवर मोबाइल कंपनीची ती भलीमोठी पाटी होती ना, ती उतरवली, आणि तिच्यामागून लोलोचं, आपल्या आजोबांचं, नाव निघालं. सिमेंटमध्ये उठवलेलं, गार्गानेरा, खाली १९२९. बाजूची सिमेंटची फुलंसुद्धा शाबूत आहेत. रस्त्यावरची माणसं मान वर करून बघत होती. मीही बघितलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

दाराशी पितळेचा फलक बसणार आहे. त्याचा मसुदा घेऊन समितीचे एक गृहस्थ आले होते. इमारत बांधली व्यापारी "दोन" कासिमिरो गार्गानेरा यांनी (बड्या माणसांच्या नावाआधीचं ते मानाचं "दोन" आलंच), नंतर ती सांभाळली त्यांच्या पुत्राने, म्हणजे आपल्या तातायने. मी विचारलं, आणि आमची आई, आमची नानाय? तर त्यांनी कागद उलटा करून बघितला, जसं काही ती मागच्या बाजूला असेल.

तातायने सांभाळली म्हणे! ताताय गेले तेव्हा छपरातून पाणी गळत होतं आणि आपण दोघी बहिणी बादल्या मांडत होतो. तू लहान होतीस, तुला तो खेळ वाटायचा. नानायने लोलोच्या दिवाणखान्यात शिलाई मशिनी मांडल्या आणि पाटी लावली, की शिवण शिकवून मिळेल. छपराचा एकेक पत्रा पोरींच्या फीमधून चढलाय. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा झालेल्या, गावाकडून पळून आलेल्या, सगळ्या तिच्याकडे आल्या आणि हाताला काम घेऊन गेल्या. ज्यांच्याकडे फी नव्हती त्यांनी जिना पुसला.

मी त्या गृहस्थांना सांगितलं, नानायचं नाव आल्याशिवाय माझी संमती नाही. ते म्हणाले, समितीपुढे मांडा, पुरावा आणा. बघते.

ते गेल्यावर तुझं एक वाक्य आठवलं, तू निघालीस त्या दुपारचं. ते मी इथे लिहीत नाही, आणि त्या जेवणाबद्दलही नाही. तू यावंस असं मुळीच नाही. तिकीट महाग, त्यात तुझी कंबर. आपलं कळवलं.

तुझी मनांग,
पुरिंग


इलोइलो,
९ एप्रिल

प्रिय इंदाय,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. "मनांग, नानाय गेली. आता पितळेवर नाव कोरून तिला काय मिळणार?"

दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. त्या रागात भात करपवला, आणि करपलेला भात खाताना तुझाच राग आला. मग म्हटलं, नानायला काय मिळणार ते हिला कळेल तेव्हा कळेल, आपण आपलं काम करावं.

पुरावा म्हणजे काय द्यायचा? शाळेची ना नोंदणी, ना शिक्का. म्हणून मी रेडिओवर गेले. सकाळी निधनवार्ता सांगतात ना, त्यांच्या शेवटी माझी सूचना वाचली. माएस्त्रा सलुदकडे (नानायला बाहेर याच नावाने ओळखतात ना) शिवण शिकलेल्या सगळ्या जणींनी मंगळवारी दुपारी जुन्या इमारतीत समितीपुढे यावं, जे असेल ते घेऊन यावं. मला म्हणायचं होतं फोटो, प्रमाणपत्र, असलं काहीतरी. पण आपल्या माणसांना "जे असेल ते आणा" सांगितलं की काय होणार, तूच सांग.

सगळ्या खायला घेऊन आल्या. पान्सित मोलोच्या सुपाची भांडी, केळीच्या पानातला चिकट भात, बिस्कोचो, गिमारासहून होडीने आलेली एक तर आंब्यांची टोपली घेऊन आली. समितीच्या टेबलावर कागद ठेवायला जागा उरली नाही. अध्यक्ष एक वकीलसाहेब आहेत, कपड्यांना इस्त्री केलेले आणि चेहऱ्यालाही. ते म्हणाले, बाई, ही सुनावणी आहे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण गंमत पुढे आहे. बसायला खुर्च्या मांडल्या होत्या टेबलासमोर ओळीने. या बायांनी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. खुर्च्या उचलल्या आणि दिवाणखानाभर पांगून आपापल्या जागी जाऊन बसल्या. मशिनी जिथे जिथे होत्या तिथे. आता तिथे नुसती फरशी आहे. मग सुरू झालं. खिडकीशी मी होते. तू? तू जिन्यापाशी, रोज उशिरा यायचीस म्हणून माएस्त्राने तुला तिथे बसवलं होतं. चोलेंग आठवते? पुढचे दात पडलेली, चिडली की गाणं म्हणायची ती. आता पणजी झालीय. ती मधोमध बसली आणि तिचा उजवा पाय खाली हलायला लागला. तिला कळलंही नाही. मला रडू आलं, आणि मी आंबे कापण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

वकीलसाहेब बराच वेळ बघत बसले होते. मग त्यांनी मोलोचा वाडगा पुढे ओढला. आपल्याकडे ज्याचं खाल्लं त्याला नाही म्हणणं जमत नाही कुणाला.

तरी त्यांनी सहजी सोडलं नाही. म्हणाले, शिवणवर्ग गल्लोगल्ली असतात, इथे प्रश्न इमारत कुणी बांधली हा आहे. मी म्हटलं, बांधली त्यांनी एकदाच, साहेब, ती पडू दिली नाही कुणी? त्यावर त्यांनी आपसात कुजबुज केली आणि एक ओळ वाढवली. त्यांच्या सुनेने येथे महिलांसाठी शिवणवर्ग चालवले.

त्यांच्या सुनेने! चोलेंग उठली.

"साहेब, सुनेला नाव असतं. आम्ही चळचळा कापायचो ते काय कुणाच्या सुनेला?"

सगळ्या हसल्या, समितीतले दोघेही हसले. मग नाव घालायचं ठरलं. मी म्हटलं, पूर्ण घाला, तिच्या माहेरासकट. सलुद नोब्लेसा गार्गानेरा. मधलं नोब्लेसा एका अक्षरावर आणू नका. आईचं माहेरचं आडनाव मुलांच्या नावात मधे असतं ना, इंदाय, तुझ्या नावातून ते लग्नानंतर गेलं, आता फक्त माझ्या नावात उरलंय, आणि मी गेले की तेवढंही संपलं. वकीलसाहेब म्हणाले, बाई, पितळेवर जागा नाही. मी म्हटलं, लोलोचं "दोन" काढा, जागा होईल.

काढलं, इंदाय. शप्पथ.

तुझी मनांग,
पुरिंग

ता. क. आंबे उरले ते वकीलसाहेबांच्या गाडीत घातले. नको नको म्हणत नेले.


इलोइलो,
२ मे

इंदाय,

आज खुशाली विचारत नाही. जे सांगायचंय ते आधी सांगते, नाहीतर पुन्हा गुडघ्यांवर जाईन.

फलकाचं अनावरण या महिनाअखेरीला आहे. पडद्याला दोन दोऱ्या असतात, घरच्यांनी ओढायच्या. कोण ओढणार म्हणून समितीने विचारलं. मी म्हटलं, आम्ही दोघी बहिणी. तोंडातून निघून गेलं. मग परत घ्यावंसं वाटलं नाही.

आता त्या जेवणाचं. त्या आठवड्यात दुकानवाले इमारत विकत घ्यायला आले होते, पाडून मोठं बांधणार होते. तू म्हणालीस, वीक आणि माझ्याबरोबर चल. नानाय म्हणाली, नाही. तुझं विमान दुपारचं. भात ताटात अर्धा आणि तू उभी राहिलीस.

"कशाला कवटाळून बसलीयस? या भिंतीवर तुझं नाव तरी आहे का?"

आणि बॅग घेऊन जिना उतरलीस. मागे बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर पुढचं दिसलं असतं.

नानायने आपलं ताट फिरवलं. मग माझं फिरवलं, मग तुझं उष्टं ताटही. जेवणातून उठून कुणी प्रवासाला निघालं की मागे राहिलेल्यांनी ताटं फिरवायची, म्हणजे माणूस सुखरूप पोचतं, एवढं तू तिकडे विसरली नसशील. तुझ्यावर इतकी संतापली होती, पण ताट फिरवायला चुकली नाही. मला म्हणाली, "तिला सांगू नकोस. मी परत बोलावतेय असं वाटेल, आणि मग ती तिकडे रमायची नाही."

तिचं ते पांढरं, निळ्या कडेचं ताट आठवतं? कडेला टवका उडालेलं? टवका नेहमी पलीकडे करून बसायची, बोटाला लागतो म्हणून. त्या दुपारी तो तिच्या बाजूला आला. तो तसाच राहिला. तू पोचल्याचं पत्र आलं, नोकरी लागली, लग्न झालं, मुली झाल्या, नानायचं ताट तसंच. मी एकदा सवयीने टवका पलीकडे करून वाढलं, तर तिने फिरवून घेतलं. मी म्हटलं, नानाय, ती कधीच पोचली. म्हणाली, "घरी कुठे आलीय अजून?"

तुझं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच तिला लागलं. त्यानंतर ती संध्याकाळी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहायची आणि वर बघायची, लोलोच्या नावाकडे. मोबाइलवाल्यांची पाटी चढली तेव्हा म्हणाली, बरं झालं, आता कुणाचंच नाही. मी हसले होते. ती नव्हती हसली.

शेवटच्या आजारात पेज लागायची. वाडग्यातून देत होते, तर म्हणाली, ताटातच वाढ. पेज ताटात! मी वाढली आणि टवका तिच्याकडे केला. साथीमुळे विमानं बंद होती, तू तिकडे दुसऱ्यांच्या आयांना भरवत होतीस, ते तिला माहीत होतं. त्यासाठी तिने तुला एका शब्दाने बोल लावला नाही. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं का, ते मला माहीत नाही. तिचा शब्द होता.

पण आता तू विचारलंस ना, नाव कोरून तिला काय मिळणार. तिचं मी काय सांगू? मला काय हवंय ते सांगते. मला तू हवी आहेस. फार आठवण येते गं तुझी. तिकिटाचं, कंबरेचं मी जे लिहिलं होतं ते सगळं खोटं होतं.

भिंतीवर तिचं नाव आहे का, असं विचारलं होतंस. आहे आता. येऊन वाच.

नानायच्या ताटात, टवका आपल्या बाजूला करून जेवणारी,
तुझी मनांग