मिरेय कॅनडाला गेली, त्याचं मला काय!

३ मार्च १९५०, पॅरिस
छापखान्यात नव्या कादंबरीची प्रुफं तपासून संपवली. नायकाचं घर जळतं आणि हा समोरच्या कॅफेत कॉफी पीत बसतो. बारा वर्षं प्रुफं वाचतोय, पण माणूस आज भेटला! ठरलं. विश्वाला आपली पर्वा नाही, आपणही त्याची करायची नाही. आजपासून.
सूप खारट होतं. काही वाटलं नाही. बायकोला सांगितलं मात्र.

५ मार्च, रविवार
मुलगी जेवायला आली. नवऱ्याबरोबर माँट्रियलला चाललीय. कायमची. एकतीस तारखेला गाडीने ल हाव्र बंदर, पुढे बोट. जर्मेन (बायको) रडली. मी चीज कापत राहिलो. मिरेय म्हणाली, "पपा, तू काहीच बोलत नाहीस?" म्हटलं, "जग थंड आहे. इथेही, तिथेही." जर्मेन डोळे पुसत म्हणाली, "तिथे जास्त. म्हणून तर मोजे विणायला घेतेय." या बाईला तत्त्वज्ञान कळणं अशक्य.

१४ मार्च
एका पानावर अकरा चुका सुटल्या. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? मी अत्यंत बरा आहे, असं ओरडून सांगितलं.

१९ मार्च
वाचनालयात अटलांटिकमधल्या वादळांवर तीन तास वाचलं. निव्वळ कुतूहल.

३० मार्च
स्टेशनवर जाणार नाही. निरोप म्हणजे ढोंग. रुमाल हलवा, नाकं शिंकरा! मिरेयने संध्याकाळी विचारलं, "उद्या येशील ना?" मी म्हणालो, "मी आलो नाही म्हणून गाडी अडून राहणार नाही." "बरं," म्हणाली.

३१ मार्च, सकाळी ९
जर्मेन एकटी गेली. मी शांत. एकाच गालाची दोनदा दाढी केली.

९.४०
घरी बसून तटस्थपणा सिद्ध होत नाही. तो फलाटावर उभं राहूनच सिद्ध होतो. निघालो.

दुपार
पोचलो तर गाडी हललेली. धावलो. दम लागला की डोळ्यांत पाणी येतं, शरीराचा धर्म आहे. शेवटच्या डब्यात मिरेयची हिरवी हॅट दिसली. जोरजोरात हात हलवला. तिनेही हलवला. मागून जर्मेन म्हणाली, "मिरेय पहिल्या डब्यात होती. ही कोण बाई?"

२६ एप्रिल
पत्र आलं. जर्मेनच्या नावाने. चार पानं. घर लहान आहे, बर्फ अजून वितळलेलं नाही, नवऱ्याला काम मिळालं. शेवटी माझ्याविषयी: 'पपाला वेगळं लिहीत नाही, त्याला असल्या गोष्टींचं काही नसतं.'
जर्मेन म्हणाली, "मग तूच लिही की तिला." कदापि नाही! माणसाने शब्दाला जागावं.
ती बाजारात गेल्यावर पेन्सिल घेऊन बसलो. पत्रातलं ते शेवटचं वाक्य चार वेळा तपासलं.
चूक नाही.