नानांनी माझ्या वतीनं दिलेला शब्द

प्रिय आप्पा,

उद्या सकाळी कॅम्पची बोट नदीनं खाली शहराकडे जाणार आहे. तीत बसून घरी यायचं की इथंच थांबायचं, हे आज संध्याकाळपर्यंत लीनाला सांगायचंय. लीना म्हणजे आमच्या कॅम्पची प्रमुख. ती म्हणते, "घरच्यांशी बोल आणि ठरव." घरचे तर कधीच ठरवून बसलेत! मग उरलात तुम्ही. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले, तरी मला तुम्हालाच विचारायचंय.

बोर्निओच्या या जंगलात मी काय करते, हे फोनवर कितीदा सांगितलं तुम्हाला! धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते आणि नुसती फट ठेवते. त्या फटीतून नर तिला फळं भरवतो. तो कितीदा आला, काय आणलं, ते मी खाली बसून लिहायचं. तुम्ही म्हणायचात, "म्हंजी दिसभर वर बघत बसायचं? आन् ह्याला शिकाया लागतं व्हय?" आणि पोट धरून हसायचात. इनामगावात मात्र भेटेल त्याला थांबवून सांगायचात, "आमची कोमल फारीनच्या जंगलात हाय." दादानं सगळं सांगितलंय मला.

अर्धा जन्म मेंढरांमागं हिंडलात, मग कांद्यात आणि उसात रमलात, पण खोटं बोलायला कुठं शिकलात हो? शेवटच्या रविवारी फोनवर मागं टीं टीं आवाज येत होता. मी विचारलं, "आप्पा, कसला आवाज?" तर म्हणालात, "मोटारीचा स्टार्टर बिघडलाय गं, रानात हाय मी." आणि मी विश्वास ठेवला! शंभर आवाजांतून एक पाखरू ओळखते मी, आणि दवाखान्यातलं मशीन ओळखता येऊ नये? मला अजून स्वतःचा राग येतो. तुमचाही येतो.

तुम्ही सगळ्यांना दम भरला होतात म्हणे. "पोरीला सांगाल तर बघा. समदं अर्ध्यात टाकून पळत यील." तुम्ही गेल्यावरही त्यांनी तुमचा शब्द पाळला. मला पाचव्या दिवशी कळलं. दादा म्हणाला, "पोचली असती का तू मातीला?" नसते पोचले. पण सांगायचं तरी!

दहाव्याला मी टेकडी चढून गेले. तिथंच तेवढं नेटवर्क मिळतं. पायांना जळवा लागल्या होत्या, त्या काढायचंही सुचलं नाही. दादानं घोडनदीच्या काठावरून व्हिडिओ कॉल लावला होता. आई दिसलीच नाही, बायकांच्या गर्दीत कुठंतरी असेल. दिसले ते पुढारी! माईकवर एकामागून एक श्रद्धांजलीची भाषणं. एकानं तर तुमचं नावही चुकवलं. आणि पिंडाला कावळा शिवेना. आता त्या भोंग्यापाशी कुठला कावळा येतोय? एवढी माणसं घोळका करून उभी, मी इकडून ओरडतेय, "दादा, भोंगा बंद कर, सगळ्यांना मागं सरकव!" कोण ऐकतंय?

मग सुरू झालं, आप्पांची इच्छा कशात राहिली असेल? दादा म्हणाला, "आईला अंतर देणार न्हाई." कावळा नाही. शेवटी नाना पुढं झाले. तुमचे धाकटे भाऊ, त्यांचा जीव तो केवढा तुमच्यावर! हात जोडून रडत तुम्हाला म्हणाले, "दादा, कोमलला माघारी बोलावतो. आता तिला कुठं धाडत न्हाई. शबूद हाय माझा!" त्याच वेळी भाषणं संपली, भोंगा बंद झाला, माणसं जेवायला पांगली आणि कावळा खाली उतरला.

झालं! तेव्हापासून सगळे म्हणतात, आप्पांची हीच इच्छा होती. कावळे का येतात, का येत नाहीत, हे मला समजतं हो. तरी तो उतरला तेव्हा मीही हात जोडले आणि हमसून हमसून रडले. तेव्हापासून झोप नाही. खरंच मी परत यायला हवं होतं का तुम्हाला?

इथं सगळी माणसं चांगली आहेत. लीनानं मला जवळ घेतलं, चहा दिला. पण "माझे आप्पा गेले" हे तिला इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ते कुणा दुसऱ्याच्याच घरात घडल्यासारखं वाटलं. आपल्या बोलीत रडायला इथं एक माणूस नाही. दिवसभर ढोलीखाली बसते. नर चोचीत फळं घेऊन येतो, मी वेळ लिहिते आणि डोळे पुसते. वहीची पानं आसवांनीच ओली होतात आणि मी ते पावसावर ढकलते.

आज सकाळपासून एकच विचार करतेय. मी परत यावं असं वाटत होतं, तर दवाखान्यात पडल्या पडल्या सगळ्यांची तोंडं कशाला बंद केलीत? एकदा "ये" म्हणाला असतात तर मी धावत आले असते. आणि तेच तुम्हाला नको होतं ना, आप्पा?

तेव्हा ऐका. उद्या बोट माझ्याशिवाय जाईल. पिलं उडेपर्यंत मी इथंच राहीन. मग घरी येईन, नानांसमोर बसेन, त्यांच्या पाया पडेन आणि सांगेन की तुमचा शब्द मी मोडला, रागवा काय रागवायचं ते. पुढं कुठं जायचं, ते मी आणि आई मिळून ठरवू. पण आप्पा, एका गोष्टीत मी तुमच्यासारखी वागणार नाही. टेकडीवर आईचा फोन लागला की मी रोज म्हणते, "बरी हाय, जेवले." आज टेकडीवर जाऊन तिला खरं सांगणार आहे. म्हणेन, "आई, मला इथं फार एकटं वाटतंय, तू जरा वेळ फोन ठेवू नकोस."

तुमची,
कोमल