नंदूचं पित्तर

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

मुलं लाकडी नंदी ओढत दारात आली. बोजारा म्हणून चॉकलेटं दिली. आपला नंदी फळीवरच, एक कान तुटलेला.

दुपारी टीव्हीवर आमच्या नंदूची जुनी मालिका. तो आता स्टार झाला, म्हणून पुन्हा दाखवताहेत. मी स्वयंपाकघरात. ह्यांची हाक आली. जूनमधल्या लकव्याच्या झटक्यात उजवा हात गेला, बोलणं तेवढं परत आलंय.

"अवं, पोट्टा गेला ना आपला? मले काऊन नाई सांगितलं?"

पडद्यावर मालिकेतली आई फोटोला हार घालत होती. फोटो आमच्या घरचा.

२४ ऑगस्ट

फोटो मीच पाठवला होता. नऊ वर्षांचा नंदू, तान्ह्या पोळ्याचा दिवस, ह्यांनी सागाच्या तुकड्यातून करून दिलेला नंदी, खांद्यावर ह्यांचा हात. मालिकावाल्यांनी ह्यांना कापून टाकलं. खांद्यावर चार बोटं तेवढी उरली.

आधी नंदू एका वाक्याचा हवालदार होता. मग खलनायकाच्या मागे उभा राहणारा. मग ही मालिका, दोन वर्षं धाकटा भाऊ. सिनेमा मिळाला, तारखा जुळेनात, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला अपघातात मारलं. तिथल्या मुलीचा फोन, "काकू, लहानपणीचा फोटो द्या ना." मी अल्बममधून काढून कौतुकाने दिला. कशाला हवा, विचारलं नाही. हे तेव्हा कापूस वेचणीत होते, तो भाग ह्यांनी पाहिला नाही. मीही कधी बोलले नाही.

तो सिनेमा पडला. पुढचा इतका चालला की वर्ध्याच्या चौकात नंदूचं पोस्टर, आडनावाशिवाय. आडनाव त्याने काढून टाकलं.

नाटकाचं वेड माझंच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आरशासमोर उभं करून पाठांतर घ्यायच्या, तसंच मी त्याचं घेतलं. प्रत्येक ऑडिशनआधी फोन यायचा. "आई, काय करू?" "घाबरू नकोस. स्वच्छ बोल." किती वर्षांत नाही आला तसा फोन.

३१ ऑगस्ट

व्हिडिओ कॉल लावला. नव्या भूमिकेसाठी डोकं तासलेलं, दाढी छातीपर्यंत, दात नवे, मान बैलासारखी. "बाबा, मी!"

हे म्हणाले, "हा कोन पहेलवान?"

नंदू हसला. मग हसायचा थांबला. मागून कुणीतरी "सर, गाडी" म्हणालं.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. ह्यांनी शेजारच्या कमलला बोलावून घेतलं. "तिथी मालूम नाई पोराची. सर्वपित्रीले पित्तर करू."

मी ओरडले. जिवंत आहे तो! आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले. हे लहान मुलासारखे रडले.

कमल मला बाहेर घेऊन आली. "बाई, करू द्या ना त्याईले. जेवनच घालाचं हाय कोनाले तरी." सेवाग्रामचे डॉक्टरही म्हणाले होते, झटक्यानंतर असा गोंधळ होतो, वाद घालू नका.

पण जिवंत पोराचं? माझ्या हातून?

१४ सप्टेंबर

नंदूला सगळं सांगितलं. फोटोचंही. तो म्हणाला, "सर्वपित्रीलाच येतो. समोर उभा राहिलो की ओळखतील."

झोप लागली आज.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

वडे, कढी, खीर. केलंच सगळं. नंदू येणार म्हणून की पित्तर म्हणून, मलाच कळेना.

अकराला आला. फाटकाशी मोबाइल धरून आमचं सारं नाचणगाव. नंदू ह्यांच्या पाया पडला, पायापाशीच बसला. ह्यांनी निरखून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"वर बसा साहेब. बम्बईहून आले काय? आमचा नंदू तिकडंच होता."

नंदूने फळीवरचा नंदी काढला. "बाबा, हा कान मी तोडला होता. पायरीवर आपटून. तुम्ही मारलं नाही, नुसते हसलात."

ह्यांचे डोळे भरले. मला वाटलं, झालं.

"त्यानं सांगतलं वाटते तुमाले. लय जवळचे दिसता." मग डाव्या हाताने नंदूचा हात धरला. "त्याच्याच वयाचे आहा तुमी. पित्तर बसान काय त्याच्या नावानं? दुसऱ्या कोनाले सांगू मी?"

आमच्याकडे मेलेल्याच्या वयाचं माणूस बघून बसवतात. पोटभर जेवलं की गेलेला जेवला.

नंदू उठून माझ्यापाशी आला. दाढीच्या मागे तेच नऊ वर्षांचे डोळे. हळूच म्हणाला,

"आई, काय करू?"

कढी गरम करते, म्हणून आत आले. ही वही हाताशी होती. पाट मांडलाय, पान वाढलंय, पानापुढे तो नंदी ह्यांनीच ठेवायला लावला. कढी कधीचीच उकळली.

बाहेरून हे विचारताहेत, "अवं, बसले काय साहेब?"