केरीच्या वतीने मी 'हो' म्हणालो

जॉर्डनदाजींना मायलरचा डब्लिनहून नमस्कार.

संत ब्रेंडन तुम्हाला, बॅसिलियाताईला आणि तुमच्या गुडघ्याला सुखी ठेवो. गुडघा कसा आहे? पोरांचा खोकला गेला का? किल्डेअरला पाऊस फार आहे असं ऐकतो. मी धडधाकट आहे, पण किती दिवस ते आता सांगवत नाही.

आमच्या केरी परगण्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पार्लमेंटला दोन सरदार निवडून पाठवा असा हुकूम आला, की हजर असलेले सगळे एकमुखाने गैरहजर माणसाला निवडून देतात. त्या दिवशी माझी घोडी वीत होती म्हणून मी घरी राहिलो (शिंगरू गुणी आहे, पण त्याचं नाव मी ठेवायचं की उनाने, यावरून आम्हा नवराबायकोत अबोला आहे), आणि संध्याकाळी कळलं की ही माळ माझ्या गळ्यात पडली. दुसरे म्हातारे सर गिल्बर्ट. ते हजर होते, पण झोपले होते. म्हणून त्यांनाही गैरहजर धरलं.

इथे इंग्रज सरदारांचा सगळा कारभार जुन्या रिवाजाने फ्रेंचमध्ये. आम्हीही रक्ताने इंग्रजच, पण आजोबा गेल्यापासून आमच्या घरात फ्रेंच उरली ती शिकारी कुत्र्यांना हाका मारण्यापुरती. बाकी उना पडली आयरिश, तिच्या राज्यात सगळं आयरिशमध्येच चालतं. एक कारकून कितीतरी वेळ काहीबाही वाचत होता. मी ठरवलं, गिल्बर्टकाका जुनेजाणते, ते करतील तसं करावं. कारकून थांबला. काकांनी मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली. मीही मान डोलावून खणखणीत 'हो' म्हणालो. मग काका घोरू लागले.

बाहेर आल्यावर मी त्या कारकुनाला गाठून विचारलं, की आपण नक्की कशाला हो म्हणालो. तो माझ्या डोक्याकडेच बघत राहिला. (तुम्ही पाहिलंय ते. पुढून भादरलेलं, मागे आयरिश वळणाचा लांब झुपका. उनाला आवडतो.) मग म्हणाला, "सरदार, असा झुपका ठेवणारा इंग्रज यापुढे आयरिश धरायचा. मारला गेला, तरी आयरिश मेला असंच समजायचं. तुम्हीच तर सगळ्यांत मोठ्याने हो म्हणालात."

आता सांगा, काय करू? झुपका ठेवला तर वाटेत पहिलाच शिपाई मला उडवेल आणि त्याला कुणी जाब विचारणार नाही, कारण तसं मीच ठरवलंय. कापला तर डोंगरातले उनाचे भाऊबंद मला उपरा समजून उडवतील. आजवर वाट सोडली ती त्यांनी झुपका बघूनच. बरं, केरीत निम्मी डोकी अशीच. माझा शब्द सगळ्या परगण्याला बांधील, म्हणजे घरी पोचलोच तर तिथेही माझी धडगत नाही. मला घरी जायचंय हो दाजी, पण कुठल्या डोक्याने जाऊ तेच कळत नाही. मुक्कामाच्या घरची बाई म्हणते, "अर्धं कापा नि अर्धं ठेवा, बाबा. अर्ध्या वाटेपर्यंत तरी पोचाल." मला ते पटू लागलंय, यावरून माझी अवस्था ओळखा.

पोरांना आशीर्वाद.
तुमचा गोंधळलेला मेहुणा,
मायलर

ता. क. मला न्यायला या. तुमच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, तेव्हा तुम्हाला कुठलाच कायदा लागत नाही. मी गुपचूप तुमच्या मागून चालेन.

आणखी ता. क. मी विचार करत बसलो होतो तेवढ्यात न्हाव्याने झुपका उडवला. पुढचं आधीच भादरलेलं, आता मागचंही गेलं. घरच्या बाईने मला साधू समजून आजारी गाईला आशीर्वाद द्यायला लावला. दिला. गाय सुधारतेय. तेव्हा तुम्ही नाही आलात तरी चालेल.

शेवटचं ता. क. पण ताईला मात्र ताबडतोब पाठवा. तिला मठातल्या बायांनी फ्रेंच शिकवलीय. सोमवारी पुन्हा सभा आहे, आणि आयरिश बायका केलेल्यांविषयी काहीतरी निघणार अशी कुजबुज आहे. दाजी, 'नाही'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात तेच मला ठाऊक नाही.