‘जाते’ म्हणाली नाहीस

प्रिय आक्का,

इंग्रज गेले, पण त्यांचे राजे अजून आमच्या वर्गात आहेत. आज मॅट्रिकच्या मुलींना सहा लग्नांच्या राजाचा धडा शिकवला. त्याच्या पहिल्या राणीपाशी आले आणि पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. मुलींना वाचत बसायला सांगितलं. तुला जाऊन महिना झाला. घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

आठवतं ना, हा धडा मी तुझ्याच घरी पाठ केला होता? वडगावहून बेळगावचं हायस्कूल लांब पडतं म्हणून आप्पांनी मला शहापुरात तुझ्या सासरी ठेवलं. तू मागावर बसायचीस, मी शेजारी सुताच्या कांड्या भरत इंग्रजीत घोकायची आणि मग तुला मराठीत सांगायची. लढायांत तुझं लक्ष नसायचं. राण्या आल्या की तुझ्या हातातला मागाचा धोटा थांबायचा.

ही राणी स्पेनची. लग्नाला वीस वर्षं झालेली, एक मुलगी जगली, मुलगे काही जगले नाहीत. राजाला वारस हवा होता आणि दुसरी बायकोही. त्यानं सांगितलं, हे लग्न मुळात लग्नच नव्हतं. रोमचा धर्मगुरू ऐकेना, तेव्हा त्यानं साऱ्या देशातली त्याची सत्ताच मोडीत काढली आणि स्वतःच त्या जागी बसला.

तू म्हणालीस, “बाईला घालवायला देव बदलला व्हय गं?”

देव नाही, पुजारी बदलला, असं मी म्हटलं. तुला त्यात फारसा फरक दिसला नाही.

मग मी सांगितलं की भरल्या न्यायसभेत ती राजापुढं गुडघे टेकून बसली, माझी चूक काय ते सांगा म्हणाली आणि उठून निघून गेली. मागून हाका मारल्या तरी वळली नाही. पुढं काय झालं तिचं, असं तू विचारलंस. दूरच्या थंड वाड्यांत ठेवली, तिथंच गेली. शेवटपर्यंत स्वतःला राणीच म्हणवून घेत होती.

“म्हंजे हरली,” तू म्हणालीस आणि पुन्हा माग चालू केलास.

तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं हे मला कुठं ठाऊक होतं? दाजींनी दुसरी बायको आणायचं ठरवलं होतं, मूल नाही म्हणून. त्याला कुणाची आडकाठी नव्हती. पण त्यांना तू घरातही नको होतीस आणि बोलही लावून घ्यायचा नव्हता. म्हणून तू चार माणसांसमोर ‘राजीखुशीनं माहेरी जाते’ एवढं म्हणायचं होतंस.

मारुतीच्या देवळात पंच बसले. आप्पाही आले होते आणि तुला न्यायला तयार होते. मी बायकांत मागं उभी होते. पंचांनी तुला बरंच समजावलं. जुनी उदाहरणं दिली. तू त्यांच्याकडं बघितलंच नाहीस. दाजींसमोर जाऊन बसलीस.

“माझं काय चुकलं तेवढं सांगा. चुकलं असंल तर आत्ता उठून जाते. न्हाय तर ‘जाते’ म्हणून माझ्या तोंडातनं यायचं न्हाय.”

दाजी खाली बघत राहिले. तू पदर सावरलास आणि उठलीस. पंचांनी हाक मारली. आप्पांनीही मारली. तू सरळ सासरच्या घरी आलीस आणि अर्धं राहिलेलं लुगडं विणायला घेतलंस.

नंतर मी विचारलं, राणीचं आठवलं का गं तिथं? “राणीचं काय घिऊन बसलीस? मला दुसरं काय सुचलंच न्हाय,” म्हणालीस. हे खरं होतं का, आक्का? मला अजून कळलेलं नाही.

धाकटी आलीच. तू माग घेऊन पुढच्या सोप्यात राहायला गेलीस, चूल वेगळी मांडलीस. धाकटीशी दोन वर्षं बोलली नाहीस. ते मात्र मला पटलं नव्हतं. सोळा वर्षांची पोर, तिला तरी कोण विचारून आणलं होतं? मी एकदा तसं म्हटलं, तर तू माझ्याशीही आठवडाभर बोलली नाहीस. मग तिचं पहिलं बाळंतपण अडलं आणि तूच आत जाऊन बसलीस. सुमी झाली. पुढं सुमी तुलाच थोरली आई म्हणत मोठी झाली, आणि दोन चुली कधी एक झाल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक राग आहे तुझ्यावर. ताप इतका चढला असताना मला निरोप का धाडला नाहीस? मी बेळगावच्या शाळेतून टांग्यानं अर्ध्या तासात आले असते. आले तेव्हा हातात तुझ्यासाठी माहेरचं शेवटचं हिरवं लुगडंच होतं.

त्या दिवशीचं तुला सांगायचं राहिलं. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, हिची माती माहेरच्यांनी वडगावला नेऊन करावी, हितं हिचं कोण? धाकटी आतून आली आणि दारात उभी राहिली.

“आक्का ह्या घरची थोरली हाय. ती हितनंच जाईल.”

आवाज चढवला नाही तिनं. म्हातारा बाजूला झाला. तुला नेसवताना धाकटीनं मला हात लावू दिला नाही. सगळं तिनंच केलं. मी लुगडं दिलं आणि बाहेर येऊन उभी राहिले.

सुमीची सातवी झाली. धाकटी म्हणते, पुढं शिकू दे, तुमच्याकडं ठेवून घ्या. दाजींनी सुमीसाठी संकेश्वरचं एक स्थळ पाहून ठेवलं आहे. रविवारी मी शहापूरला येते आहे. त्यांच्यासमोर बसेन आणि ते हो म्हणेपर्यंत उठणार नाही, एवढा शब्द देते.

तुझी,
कुसुम